बाहेरची चूल

आमच्या घरात कोंबडी कधीच शिजली नाही. शिजायची ती बाहेर, गोठ्याच्या पलीकडे, लिंबाखालच्या तीन दगडांच्या चुलीवर. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. फलटणच्या पुढं, बरडच्या अंगाला आमचं गाव. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी त्या रस्त्यानं पंढरपूरला जाते, आणि आजी तिच्याबरोबर कितीतरी आषाढ्या चाललेली. माळकरी माणसाच्या घरात मांसमच्छी येत नाही, हा नियम मोडायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. पण वडील आणि चुलते खाणारे. त्यामुळे कोंबडीचा संसारच वेगळा मांडलेला: बुडाला काळं झालेलं जर्मनचं पातेलं, एक पळी, सहा ताटल्या, आणि हे सगळं पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी, आणि श्रावण लागायच्या आधी गटारीला तर हमखास, ते पोतं खाली यायचं. आजी ओसरीवर पाठ फिरवून बसायची आणि हरिपाठ म्हणायची. त्यात राग नसायचा. तिचं तिकडं, आमचं इकडं, मधे अंगण.

शिजवणं पुरुषांचं. एरवी घरात पाण्याचा तांब्याही न उचलणारे माझे चुलते त्या दिवशी कांदा कापायचे, जाळ सारायचे, रश्शाला तरी आली का ते वाकून वाकून बघायचे. आई उंबऱ्यातून वाटण आणि कांदा-लसूण चटणीचा डबा पुढं करायची, भाकऱ्यांची चळत नेऊन द्यायची. आधी पुरुष बसायचे, मग मुलगे, मग आम्ही मुली. आई आणि काकू शेवटी, चुलीपाशी उभ्या उभ्याच. तंगड्या कुणाच्या ताटात जाणार हे कोंबडा कापायच्या आधीच ठरलेलं असे. मला आळणी मिळायचं, म्हणजे तिखट पडायच्या आधी काढून ठेवलेलं हळद-मिठाचं पाणी आणि त्यात दोन फोडी. मला ते आवडायचंही. पण तुला काय हवंय, किती तिखट हवंय, असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. आईला कुणी विचारल्याचंही आठवत नाही. तशी विचारायची रीतच नव्हती.

खाऊन झालं की हौदावर हात-तोंड धुवायचं, चूळ भरायची, मग घरात पाय टाकायचा. कोंबडी ही बाहेर, उघड्यावर, जाळाच्या उजेडात खायची गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

सप्टेंबर 2017 मध्ये मी पीएचडीसाठी तैवानमधल्या शिंचू शहरात आले. तैपेईच्या नैर्ऋत्येला, समुद्राजवळ, वाऱ्याचं शहर म्हणून ओळखलं जाणारं. शरद ऋतूपासून तिथं जो ईशान्येचा कोरडा वारा सुटतो, त्याच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या तांदळाच्या शेवया वाळवल्या गेल्या. आता जगाला शिंचू माहीत आहे ते संगणकातल्या चिपसाठी. 1980 मध्ये तिथं सायन्स पार्क उभं राहिलं, 1987 मध्ये टीएसएमसी ही कंपनी निघाली, आणि शेवयांच्या गावात रात्रभर दिवे जळू लागले. माझी प्रयोगशाळा त्या पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर. भट्टीत नमुना ठेवला की सहा-सहा तास हलता येत नाही. बाहेर पडायला रात्रीचे साडेबारा व्हायचे. वसतिगृहात स्वयंपाकघर नाही. भूक मात्र गावाकडची.

पहिल्या महिन्यात मी त्या भुकेवर बिस्किटं खाऊन झोपत होते. साडेबाराला एकटीनं रस्त्यावर उतरायचं हे अंगवळणी पडलेलं नव्हतं. गावात सातनंतर फाट्यापर्यंत जायचं तरी भाऊ सोबत लागायचा. मग एका रात्री खिडकीतून बघितलं, तर माझ्याच वयाच्या दोन मुली चपला घालून, ओल्या केसांनी, गप्पा मारत चालल्या होत्या. अर्ध्या तासानं परत आल्या तेव्हा दोघींच्या हातात एकेक कागदी पिशवी होती आणि पिशवीतून वाफ येत होती. दुसऱ्या रात्री मी गेले. त्या चालण्याबद्दल मी वेगळा लेख लिहू शकेन. रिकामा फुटपाथ, दुतर्फा उभ्या स्कूटर, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानाचा पांढरा उजेड, आणि माझ्याकडं वळून बघणारं कुणीही नाही. खांद्यातला कसला तरी ताण सैल झाला. तो तिथं होता हेच मला तोवर माहीत नव्हतं.

वास आधी आला. लसूण, मिरे, तळणीचं तेल, आणि त्यात काहीतरी हिरवं, ओळखीचं, नाव न सापडणारं.

दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, तोंडाला आडवी लावलेली स्टीलची गाडी. बसायला जागा नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. तैवानमध्ये या दुकानाला येन्सूजीचं दुकान म्हणतात. येन म्हणजे मीठ, सू म्हणजे खुसखुशीत, जी म्हणजे कोंबडी. परदेशात जास्त माहीत आहे तो जीपाय, कोंबडीच्या छातीचा चापट ठोकलेला, चेहऱ्याएवढा मोठा तुकडा. तैपेईच्या शीलिन नाइट मार्केटात त्यासाठी पर्यटकांच्या रांगा लागतात. येन्सूजी त्याहून साधी: बोराएवढ्या-सुपारीएवढ्या फोडी, पिशवीत घालून, बांबूच्या काडीनं टोचून खायच्या. 1970 च्या दशकात ती रस्त्यांवर आली, आणि आता बेटावर असं गाव नसेल जिथं रात्री एखादी अशी गाडी पेटत नाही. रात्रीच्या या खाण्याला श्याओ-ये असा वेगळा शब्दच आहे. आपण न्याहारी म्हणतो तसा, तितका रोजचा.

गाडीच्या पुढ्यात सगळा माल कच्चाच मांडलेला असतो. प्लॅस्टिकची एक टोपली आणि चिमटा उचलायचा आणि हवं ते आपल्या हातानं वेचायचं. कोंबडीच्या फोडी, कातडी, काळजं, स्क्विड. माशाच्या पिठीचे पट्टे, ज्यांना थ्येन-पू-ला म्हणतात. शब्द जपानी टेम्पुराचा, पण चिनी अक्षरांत त्याचा अर्थ होतो 'गोड, तिखट नाही'. कोंबडीच्या शेपटीकडच्या चरबीदार तुकड्याचं नाव छी-ली-श्यांग, सात ली दरवळणारा. ली हे अंतराचं जुनं माप. डुकराचं रक्त आणि तांदूळ एकत्र वाफवून केलेल्या काळ्या वड्या. त्या बघून बरोबरची पंजाबी मुलगी मागं सरली होती, मी नाही. आमच्याकडं बोकड पडला की रक्ती परततात, ते मी पाहिलेलं होतं. आणि भाज्या: फरसबी, बेबी कॉर्न, ब्रोकोली, जाडजूड मशरूम, रताळ्याचे लांब काप. मशरूमला तर मी पुढं कोंबडीपेक्षाही जास्त मान देऊ लागले. तळल्यावर ती आतून पाणीदार राहते आणि चावताना मांसासारखा प्रतिकार करते.

टोपली गाडीवर ठेवली. आतली बाई साठीच्या आसपासची, आखूड कुरळे केस, हाताला कोपरापर्यंत बाह्या. तिनं सुरीनं एकेक वस्तू उलटवत मनात हिशोब केला, आकडा सांगितला आणि मग विचारलं, "याओ ला मा?"

मला कळलं नाही. तिनं परत विचारलं. मग लाल तिखटाचा डबा उचलून माझ्यासमोर धरला आणि भुवया वर केल्या. मी मान हलवली. तिनं बोटांनी दाखवलं: एवढं? एवढं? की एवढं? मी दोन्ही हात लांब केले. ती हसली आणि मागं वळली.

त्या तीन अक्षरांचा अर्थ मला नंतर कळला. तिखट हवं का?

तळणं मी त्या रात्री नीट पाहिलं, आणि पुढच्या पाच वर्षांत शेकडो वेळा पाहिलं. फोडी आधीच सोया सॉस, लसूण, तांदळाची दारू आणि पंचमसाल्यात मुरलेल्या असतात. त्या पंचमसाल्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि एक जीभ झिणझिणवणारं फळ असतं. माझ्या मालवणी मैत्रिणीनं ते पहिल्या घासालाच ओळखलं, म्हणाली, हे आमच्या तिरफळाचं भावंड. मग फोडी जाडसर पांढऱ्या पिठात घोळवायच्या आणि लगेच तळायच्या नाहीत. थोडा वेळ ठेवायच्या, म्हणजे पीठ फोडीतला ओलावा ओढून घेतं आणि चिकटून बसतं. याला फान-छाव म्हणतात, ओल परतणं. घाई केली तर पीठ तेलात सुटतं आणि फोड उघडी पडते. पहिलं तळण मध्यम आचेवर, आतपर्यंत शिजण्यापुरतं. मग झाऱ्यावर निथळत ठेवायचं. गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा, चांगल्या कडक तेलात, थोडाच वेळ. त्या दुसऱ्या तळणात कवचात उरलेली ओल उडून जाते आणि कवच कडक होतं. मी दिवसभर भट्टीत हेच करत होते, आधी कमी तापमानाला थांबा, मग वर न्या. कवचाचा आवाज ऐकून तेलातून कधी काढायचं हे तिला कळायचं. मला माझ्या नमुन्यांचं ते अजून कळत नव्हतं.

आणि अगदी शेवटी तिनं बाजूच्या डब्यातून हिरव्या पानांची मूठ उचलली आणि तेलात टाकली. कढई फुत्कारली. वास रस्त्यावर आला आणि मी जागच्या जागी थिजले, कारण आता नाव सापडलं होतं. ती तुळस होती.

पिशवी हातात घेऊन मी पुढच्या इमारतीच्या पायरीशी उभी राहिले. पाच मिनिटं खाल्लंच नाही. तळलेली पानं काचेसारखी पारदर्शक झाली होती, काळपट हिरवी, फोडींना चिकटलेली. मी चिकन खाते याची मला लाज कधी वाटली नव्हती. पण तुळस आणि कोंबडी एका पिशवीत? आमच्या घरात या दोन गोष्टींच्या मधे अख्खं अंगण होतं. शेवटी भूक जिंकली. पहिल्यांदा कवच फुटलं, मग मांसाचा रस, मग मिरे-मीठ, मग तिखट, आणि या सगळ्यांच्या वरून ते पान, क्षणात विरघळणारं, नाकात बडीशेप-लवंगेसारखा वास सोडून जाणारं. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. खोलीवर जाऊन खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण मला उभ्यानं, बाहेरच खायचं होतं.

रविवारी फोनवर आजीला सांगून टाकलं. लपवलं असतं तर ते घशात अडकून राहिलं असतं. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काळी का पांढरी?"

"हिरवीच गं. पानं मोठी हायत. देठ जांभळट."

"वास कशाचा?"

"बडीशेपेगत."

"मंजिरी बघितलीस का?"

मी बघितली नव्हती. पुढच्या वेळी डब्यातल्या फांद्या नीट पाहिल्या. एकावर एक चढत गेलेले फुलांचे मजले. तैवानमध्ये या झाडाला ज्यो-त्सेंग-था म्हणतात, नऊ मजली मनोरा, ते या मंजिरीवरूनच. मला आमच्या देवळापुढची दीपमाळ आठवली. फोटो पाठवला, वडिलांनी आजीला दाखवला, आणि निकाल आला: "ही तुळस न्हवं. हा सब्जा. पिराला वाहत्यात त्यो. त्याला काय दोष न्हाई."

आजीचं बरोबर होतं. फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या झाडाचं बी, तेच हे झाड; तुळशीच्या गोतातलं, पण तुळस नव्हे. पाचवी शिकलेल्या बाईनं जवळजवळ पाच हजार किलोमीटरवरून पान ओळखलं. आणि तिनं मला तिच्या बाजूनं मोकळं केलं. तिला हवं असतं तर ती नुसती गप्प राहू शकली असती.

त्या बाईला सगळे आ-यी म्हणत. चिनीत आ-यी म्हणजे मावशी. पण मराठी कानाला ते काय ऐकू येतं हे मी सांगायची गरज नाही. एकदा रांगेत उभी राहून मी घरी बोलत होते, "हो आई, नाही आई, अगं आई ऐक तर", आणि दर वेळी ती झारा थांबवून माझ्याकडं बघत होती. मोडक्यातोडक्या चिनीत मी समजावलं की आमच्या भाषेत आईलाच असं म्हणतात. तिनं ते मागच्या बाजूला पीठ घोळवणाऱ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, दोन गिऱ्हाइकांना सांगितलं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "माय मरो नि मावशी जगो. बरं झालं, तुला तिथं मावशी मिळाली."

दुसऱ्या वर्षी माझी भाषा बरी झाली आणि मग गप्पा होऊ लागल्या, नंबर पुकारेपर्यंतच्या दहा-बारा मिनिटांच्या. एकदा मी विचारलं, हे पीठ कशाचं? तिनं टोपलीतल्या रताळ्यावर बोट ठेवलं. मला हसूच आलं, कारण रताळं म्हणजे आमच्याकडं एकादशी. आजीच्या ताटातला पदार्थ कोंबडीच्या अंगाला! मग तिनं पाकीट दाखवलं आणि खरं ते सांगितलं: नाव रताळ्याच्या पिठाचं, पण हल्ली बाजारात या नावानं मिळतं ते बहुतेक टॅपिओकाचं असतं. म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच. तिथल्या चहातल्या काळ्या गोळ्याही त्याच्याच. उपवासाची अर्धी फराळाची पिशवी त्या गाडीवर होती.

रताळ्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलायचा. 1895 ते 1945 तैवानवर जपानचं राज्य होतं. चांगला तांदूळ पिकायचा तो मोठ्या प्रमाणात जहाजानं जपानला जायचा आणि पिकवणाऱ्यांच्या घरात रताळ्याचा कीस वाळवून, मूठभर तांदळात शिजवून खायचे. युद्धानंतरही कित्येक वर्षं तेच. तिचे वडील नव्वदीला आले होते आणि ताटात रताळं आलं तर ताट बाजूला सारायचे. म्हणायचे, माझ्या वाटणीचं मी खाऊन संपवलंय. बेटाचा आकारही रताळ्यासारखा, आणि तिथले जुने लोक स्वतःला रताळ्याची लेकरं म्हणवतात. एक म्हणही तिनं शिकवली, तैवानी बोलीतली: रताळं मातीत सडायला भीत नाही, त्याला एवढंच हवं असतं की फांद्या-पानं पिढ्यान् पिढ्या पसरत राहावीत.

मी तिला 1972 च्या दुष्काळाचं सांगितलं. आजी तेव्हा खडी फोडायला जायची, कडेवर माझे वडील. सरकारनं वाटलेल्या परदेशी लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. नंतर घरात ज्वारीची कणगी भरलेली असतानासुद्धा मिलोचं नाव काढलं की आजी तोंड वळवायची. आ-यीनं ऐकून घेतलं आणि माझ्या पिशवीत न मागितलेले रताळ्याचे काप टाकले. "तू खा," म्हणाली. "तुला चालतं."

तिसऱ्या वर्षी माझं संशोधन अडलं. एक शोधनिबंध दोनदा परत आला. गावाकडं चुलते विचारायचे, अजून किती? त्याच सुमारास मला तिथला एक जुना वाद समजला. 2013 मध्ये पीएचडीचा एक विद्यार्थी जीपाय विकायला बसला, आणि फॉक्सकॉनचे संस्थापक टेरी गो (तळेगावच्या प्रकल्पावरून आपल्याकडं जिचं नाव गाजलं तीच कंपनी) जाहीरपणे म्हणाले की हा शिक्षणावरच्या खर्चाचा अपव्यय आहे. देशभर चर्चा झाली. 'डॉक्टरेट करून चिकन विकणं' हा तिथं वाक्प्रचारच होऊन बसला. मला तो वाद वाचून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तेलाचा आवाज ओळखणाऱ्या, दोनशे गिऱ्हाइकांचं तिखट लक्षात ठेवणाऱ्या बाईच्या कामाला खालची पायरी समजायचं कशाच्या जोरावर? आ-यीला मी हे बोलून दाखवलं. तिनं टॉवेलला हात पुसले. तिचा मुलगा सायन्स पार्कमध्ये इंजिनियर. "तो बोलतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात," ती म्हणाली. "मी उभी असते, पण घरी गेले की झोपते." आणि मग, नेहमीसारखं, च्या-पा-ब्वे? म्हणजे पोटभर जेवलीस का? तिथले जुने लोक एकमेकांना भेटल्यावर हेच विचारतात. गावात आजीही दारात आलेल्याला आधी तेच विचारायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात, 2021 साली, आजी गेली. दुसऱ्या लाटेत फलटणला बेड मिळाला तोवर उशीर झाला होता. विमानं नव्हती, आणि गेले असते तर परत येता आलं नसतं. मी मोबाइलच्या पडद्यावर माती होताना पाहिली, तीही चुलतभावाच्या थरथरत्या हातातून. तेरा दिवस मी सुतक पाळलं. पाळलं म्हणजे काय, एकटीनं वसतिगृहात बसून भात आणि दही खाल्लं. पण ते पाळायलाच हवं होतं, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. त्या तेरा दिवसांत मी क्वांगफू रोडवरून रोज गेले, ती गल्ली टाळून.

तोवर साथ तैवानलाही गाठून बसली होती. 19 मेपासून सगळ्या देशात निर्बंध वाढवले गेले, मग हॉटेलांत बसून खाणंही बंद, सगळं बांधून न्यायचं. शहरातल्या मोठ्या मोठ्या जागांच्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. ज्या गाळ्यात कधी खुर्चीच नव्हती, तिथं फक्त एक प्लॅस्टिकचा पडदा आला आणि जमिनीवर अंतराच्या पट्ट्या.

मी गेले तेव्हा पट्टीवर मी एकटीच होते. मास्कमधूनही तिनं ओळखलं. कुठं होतीस इतके दिवस, असं विचारलं, जरा रागानंच. मी सांगितलं. आजी हा शब्द चिनीत सांगताना बापाची आई की आईची आई हे वेगळं सांगावं लागतं. मी नाय-नाय म्हटलं, वडिलांची आई, आणि पुढं बोलता येईना. तिनं टोपली माझ्या हातातून काढून घेतली. "शाकाहार पाळतेयस का?" तिथंही घरात मयत झालं की बरेच लोक काही दिवस मांस सोडतात. मी म्हटलं, काल संपलं. ती म्हणाली, "मग आज नको. या तेलात सगळंच मांसाचं आहे. उद्या ये."

आणि डब्यातल्या ज्यो-त्सेंग-थाच्या चार फांद्या काढून, कागदात गुंडाळून, पडद्याखालून पुढं सरकवल्या. पाण्यात ठेव, म्हणाली, मुळं फुटतात.

फुटली. आठवड्याभरात ग्लासात पांढरे धागे दिसू लागले. मी ते रोप खिडकीत लावलं, आणि खरं सांगायचं तर सकाळी त्याला पाणी घालताना आजीसारखा हात जोडला गेला. तुळस नव्हे हे माहीत असूनही.

2022 च्या शेवटी पदवी मिळाली, जानेवारीत घरी आले. आजीशिवायचं घर पहिल्यांदा बघत होते. ओसरीवरची तिची जागा तशीच मोकळी, वृंदावनातली तुळस आई बघते. आता घरात माळकरी कुणी नाही. त्यामुळे कोंबडी गॅसवर शिजायला हरकत नव्हती, असं धाकटा चुलता म्हणाला. पण मी विचारलं तर दीड वर्षात एकदाही कुणी घरात शिजवली नव्हती. पोतं आढ्यालाच होतं.

मी म्हटलं, या रविवारी मी करते. बाहेरच.

रताळ्याचं पीठ फलटणला मिळालं नाही. साबुदाणा मिक्सरवर फिरवून चाळून घेतला, थोडा जाडसरच ठेवला. सोया सॉसची बाटली बॅगेतून आणली होती, चक्रीफूल-दालचिनी घरातलीच. फोडी घोळवून बाजूला ठेवल्या तर चुलता म्हणाला, टाक की तेलात, कशाची वाट बघतीस? मी त्याला थांबायला लावलं, ओल परतू दे. सरपणावर आच धरणं गॅसपेक्षा अवघड. पहिलं तळण जमलं, दुसऱ्यासाठी जाळ वाढवताना डोळ्यांतून पाणी आलं. सब्ज्याचं झाड परड्यात, हौदाच्या कडेला, कुणी न लावता उगवलेलं होतं. वडिलांनी पानं खुडून आणली. तेलात टाकताच कढई फुत्कारली आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

पुरुष नेहमीसारखे गोल करून बसले होते. चळत घेऊन आई आली आणि लिंबाच्या बुंध्याशी उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी. मी पहिली पिशवी भरली. कागदाची, रद्दीतून वळलेली. वरून मिरे-मीठ घातलं, तिखटाचा डबा हातात घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"आई, तिखट घालू?"

तिनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचार करायला तिला बराच वेळ लागला.

"जरा जास्तच घाल," ती म्हणाली.